लेकीच्या घरचा कॉम्प्युटर

अण्णांना माणसांपेक्षा यंत्रांचं जास्त कळतं, असं त्यांची बायको म्हणायची. ती हे तक्रार म्हणून म्हणायची आणि अण्णा ते कौतुक म्हणून ऐकायचे, त्यामुळे दोघांचंही भागायचं. उभं आयुष्य त्यांनी लिफ्टच्या दुरुस्तीत घालवलं. शहरातल्या किती तरी उंच इमारतींच्या गच्चीवरच्या त्या छोट्या, तेलकट, घुमणाऱ्या खोल्या त्यांना स्वतःच्या घरासारख्या माहीत होत्या. लिफ्ट बंद पडली की रहिवासी आधी एकमेकांना शिव्या घालत, मग अण्णांना बोलावत. आणि अण्णा येऊन आधी काय करत? काही नाही. दाराला तळहात लावून नुसते उभे राहत. लोकांना वाटायचं, आता हा बाबा मंत्र म्हणणार. मग ते म्हणत, "मोटर ठीक आहे. कुठे तरी जोडणी सैल झालीय." बहुतेक वेळा तसंच निघायचं. ज्या वेळी निघायचं नाही, त्या वेळेबद्दल ते बोलत नसत आणि दुसऱ्या कुणी बोललेलं त्यांना खपत नसे.

त्यांना एकच मुलगी. तिचं लग्न झालं आणि ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेली. निरोपाच्या वेळी सगळे डोळे पुसत होते आणि अण्णा कार्यालयाच्या लिफ्टचं दार मध्येच का अडतंय ते वाकून बघत होते. बायकोने त्यांना याबद्दल अजून माफ केलेलं नाही. खरं तर त्या दारात काही बिघाड नव्हता. अण्णांना तोंड लपवायला जागा हवी होती, एवढंच.

मग एके दिवशी लेकीचा फोन आला. "बाबा, घरचा कॉम्प्युटर चालूच होत नाहीये. काय करू?"

अण्णांनी तोवर कॉम्प्युटरला कधी बोटही लावलं नव्हतं. पण 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडाला सवयीचं नव्हतं. "मागची वायर नीट बसलीय का बघ," त्यांनी आपलं ठोकून दिलं. वायर खरोखरच सैल होती. "बाबा, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही!" लेक फोनवर ओरडली, आणि त्या एका वाक्याने म्हातारा कामातून गेला.

कारण दुसऱ्याच आठवड्यात ते एका बंद पडलेल्या ऑफिसमधून जुना कॉम्प्युटर उचलून घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर त्यांनी त्याची आतडी पसरली. बायको म्हणाली, "आता जेवायचं कुठे?" अण्णा म्हणाले, "मांडीवर." गल्लीच्या तोंडाशी दुरुस्तीचं दुकान होतं, तिथल्या स्टुलावर ते इतके दिवस ठाण मांडून बसले की दुकानदार गिऱ्हाइकांना सांगू लागला, हे आमचे वडील नव्हेत. पण अण्णा शिकले. हार्ड डिस्क मरायच्या आधी कशी टकटक करते ते शिकले. रॅमच्या पट्टीची सोनेरी कड शाळकरी खोडरबराने घासून परत बसवली की मेलेला कॉम्प्युटर उठून बसतो, हे त्यांना कळलं त्या दिवशी तर ते घरात शीळ घालत फिरत होते. चालू करताना येणारे बीप कसे ओळखायचे, कुठला बीप कशाच्या नावाने ओरडतो, हे त्यांनी पाठ केलं. हे सगळं त्यांनी कॉम्प्युटरच्या प्रेमापोटी केलं असं कुणाला वाटत असेल तर तो भोळा आहे. लेकीने फोन करावा आणि आपल्याला उत्तर येऊ नये, हे त्यांना सहन होणारं नव्हतं.

आणि लेकीचा कॉम्प्युटर होताही गुणी. सारखा बिघडायचा. कधी पंखा घुरघुरायचा, कधी माउस रुसायचा. एकदा तर पडद्यावर लाल पाटी आली, भोंगा वाजायला लागला, आणि 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये घातक व्हायरस शिरला आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा' असं काहीबाही दिसू लागलं. लेक रडकुंडीला आली. "फोन अजिबात करायचा नाही," अण्णा कडाडले. "तो व्हायरस नाही, चोर आहे. इंटरनेटची वायर काढ. बटण दाबून बंद कर. मी निघालो." दोन बस बदलून ते पोचले. सेफ मोडमध्ये शिरले, नको ते सगळे प्रोग्रॅम शोधून उपटून काढले, ब्राउझरला चिकटलेल्या जाहिरातींच्या पट्ट्या सोलून काढल्या, सबंध डिस्क तपासायला लावली आणि ती तपासणी चालू असताना बाजूला बसून त्यांनी दोन कप चहा घेतला. लेक शेजारी बसली होती. लहानपणी बसायची तशी, पाय वर घेऊन. तपासणी लवकर संपू नये असं अण्णांना वाटत होतं.

"हे आलं कुठून?" त्यांनी विचारलं.

"ह्याने कुठला तरी फुकटचा प्रोग्रॅम उतरवला होता," लेक नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"जावईबापू," अण्णा अतिशय गोड आवाजात म्हणाले, "फुकट ते पौष्टिक हे खाण्यापुरतं ठीक आहे."

जावई ओशाळून हसला. अण्णांना ती संध्याकाळ फार आवडली.

जावयाबद्दल आता सांगायला हवं. तो दात बनवायचा. म्हणजे दातांचे डॉक्टर ज्या कवळ्या आणि टोप्या बसवतात, त्या घडवणाऱ्या एका प्रयोगशाळेत तो कामाला होता. शांत माणूस. बोलायचा कमी, हसायचा पुष्कळ, आणि बोटं अशी की तांदळाच्या दाण्याला पॉलिश करील. तोंडावर अण्णा त्याला 'जावईबापू' म्हणत आणि घरी बायकोपुढे 'कवळीवाले'. त्याचा राग यावा असं त्याने काही केलेलं नव्हतं, आणि अण्णांची नेमकी हीच पंचाईत होती. जावयाला दशमग्रह म्हणतात, पण हा ग्रह कधी वक्रीच व्हायचा नाही. दारू नाही, आवाज चढवणं नाही, लेकीला काही कमी नाही. आता अशा माणसावर डूख तरी कसा धरायचा? अण्णांनी वाट बघायचं ठरवलं.

त्यांना फार वाट बघावी लागली नाही. हळूहळू फोन थांबले. म्हणजे लेक फोन करायची, आईशी तासभर बोलायची, बाबांची तब्येत विचारायची. पण कॉम्प्युटरचं नाव नाही. आधी अण्णांना वाटलं, चांगलं आहे, आपण काम पक्कं केलंय. मग वाटलं, इतकंही पक्कं कसं असेल? एके दिवशी त्यांनी बायकोच्या हातातून फोन जवळजवळ ओढूनच घेतला.

"काय गं, कॉम्प्युटर बरा आहे ना?"

"हो बाबा, मस्त आहे. मध्ये परत त्या जाहिराती यायला लागल्या होत्या. पण ह्यानेच काढून टाकल्या."

"ह्याने?"

"अहो, शिकलाय आता तो! सगळं स्वतः वाचून, बघून शिकला. मीच म्हटलं त्याला, बाबांचे गुडघे दुखतात, दर वेळी दोन बस बदलून कशाला यायला लावायचं. परवा तर त्याने उघडून पंखासुद्धा साफ केला. त्याच्या त्या दातांच्या ब्रशने!"

"वा वा," अण्णा म्हणाले. "छान." आणि फोन बायकोकडे देऊन बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

कानामागून आला आणि तिखट झाला, ही म्हण अण्णांनी आयुष्यात बऱ्याच जणांना लावली होती, पण तिचा ठसका त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा लागला. गुडघे! गुडघ्यांनी कधी तक्रार केली होती? केली असेल, पण ती बायकोकडे. आणि लेकीने त्यांना विचारायचं सोडून त्या कवळीवाल्याला शिकायला सांगितलं. आपण स्टुलावर बसून बसून, दुकानदाराचे टोमणे खाऊन, जेवणाच्या टेबलाची वाट लावून जे मिळवलं, त्यावर हा आयत्या बिळावरचा नागोबा येऊन बसला. दातांच्या ब्रशने! अण्णांना सर्वांत जास्त खुपलं ते हेच, कारण ती युक्ती खरोखर चांगली होती आणि त्यांना ती सुचली नव्हती.

"तुम्हाला पोटात दुखतंय का?" बायकोने मागून विचारलं.

"नाही."

"मग चेहरा असा का?"

"पोटात दुखत नाहीये म्हटलं ना!"

बायकोला अर्थातच कळलं होतं.

त्यानंतर अण्णा जावयाला पाण्यात बघू लागले. कुणी शेजारी कौतुकाने म्हणाला की तुमचे जावई फार गुणी, की अण्णांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि वर हसून 'हो, हो' म्हणावं लागायचं ते वेगळंच. अखेर एका सुटीच्या दिवशी ते सहज म्हणून लेकीकडे गेले. सहज कसलं, तपासणीला गेले. जावयाच्या हातून काही तरी चुकलेलं असणारच, ते शोधायचं, हळूच दाखवायचं आणि हळूच दुरुस्त करायचं, असा बेत होता.

लेकीने दार उघडलं आणि ती आनंदाने ओरडलीच. जावयाने त्यांची पिशवी हातातून घेतली. पाणी झालं, चहा झाला, आणि अण्णा "जरा बघतो हं, बरेच दिवस झाले" असं म्हणत कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. त्यांनी सगळं बघितलं. व्हायरसवरचा प्रोग्रॅम एकच होता, दोन नव्हते; दोन घातले की ते एकमेकांशीच भांडत बसतात, ही चूक सगळे नवशिके करतात, पण जावयाने केलेली नव्हती. चालू होताना आपोआप उठणाऱ्या प्रोग्रॅमांची रांग आखडलेली. सगळ्या फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वर्षवार लावून ठेवलेली. अण्णांनी ती प्रत उघडून बघितली, निदान ती तरी कोरी असेल म्हणून. पहिलाच फोटो उघडला तो अण्णांचा स्वतःचा होता, याच टेबलाशी पाठमोरे बसलेले. सगळं व्यवस्थित होतं. नाक मुरडायलाही जागा ठेवली नव्हती गड्याने.

मग त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली आणि बाजूचं झाकण उघडलं. "धूळ बघतो जरा," ते मोठ्याने म्हणाले.

"बघा ना," जावई म्हणाला. "काही राहिलं असेल तर सांगा, बाबा."

आत धुळीचा कण नव्हता. पंख्याचं पातंन् पातं नुकत्याच घासलेल्या दातासारखं होतं. वायरी गोळा करून एका बाजूला बांधलेल्या. अण्णांच्या हाताखाली इतकी वर्षं माणसं शिकून गेली, पण इतकं नीटनेटकं काम त्यातल्या एकाने केलं नव्हतं. ते त्या उघड्या पेटीकडे बघत राहिले. त्यांना हेवा वाटला. दुसरा शब्द नाही त्याला. आणि आतल्या खोलीत लेक नवऱ्याला काही तरी सांगत होती आणि दोघं हसत होती. कशाला हसत होती कोण जाणे. अण्णांना वाटलं, ह्या घरात आता आपल्याला करण्यासारखं काही उरलेलं नाही. चहा प्यायचा, गुडघ्यांची चौकशी ऐकायची, आणि बस पकडायची.

अण्णांचा हात रॅमच्या पट्टीवर होता. तो तिथे कसा गेला हे त्यांना पुढे कितीही आठवून आठवलं नाही. पट्टीच्या दोन्ही टोकांना दोन छोट्या क्लिपा असतात, पट्टी जागेवर धरून ठेवणाऱ्या. त्यांनी एक अंगठ्याने दाबली. टक. दुसरी दाबली. टक. पट्टी केसभर वर आली. बघणाऱ्याला कळणारही नाही इतकी, आणि कॉम्प्युटर चालू होणार नाही इतकी. मग त्यांनी झाकण लावलं, स्क्रू आवळले आणि कपाळावरचा घाम पुसला.

"कसं वाटलं?" जावयाने बाहेर येऊन विचारलं.

"उत्तम," अण्णा म्हणाले. "बोट ठेवायला जागा नाही."

परतीच्या बसमध्ये त्यांना स्वतःची लाज वाटली. ज्या माणसाने आयुष्यभर सैल जोडण्या घट्ट केल्या त्याने म्हातारपणी एक घट्ट जोडणी सैल केली, आणि तीही पोटच्या पोरीच्या घरात. पण लाजेच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, आणि तो जास्त चवदार होता. आता बीप वाजणार. जावई उघडणार, बघणार, डोकं खाजवणार. पंखे घासणं वेगळं आणि बिघाड ऐकणं वेगळं, उंटावरच्या शहाण्याला काय कळणार! आणि मग फोन येणार. नुकसान तर काही नाही. लेकीचं कामाचं सगळं ऑफिसच्या लॅपटॉपवर असतं, घरच्या कॉम्प्युटरवाचून तिचं अडत नाही. अशी स्वतःची समजूत घालत अण्णा घरी पोचले आणि फोनजवळची खुर्ची धरून बसले.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. अण्णांचा जीव खालीवर होऊ लागला. म्हणजे त्याने शोधलं? कवळीवाल्याला बीप कळला? का दुकानात नेला? दुकानात नेला असेल तर ते अधिकच वाईट. म्हणजे बापापेक्षा दुकान बरं. चोराच्या मनात चांदणं असतं, त्यामुळे स्वतः फोन करून विचारायचीही सोय नव्हती. ते बायकोला म्हणत, "लेकीला फोन केलास का? कर की." ती फोन करायची आणि अण्णा कान लावून बसायचे. भाजीचे भाव, नवा पडदा, कुणाच्या तरी मुलाचं बारसं. कॉम्प्युटर सोडून सगळं.

"तुम्हाला काही बोलायचंय का तिच्याशी?" बायको विचारायची.

"मला? छे."

आठवडा संपता संपता फोन आला. लेकीचाच, आणि तोही थेट अण्णांसाठी. "बाबा, कॉम्प्युटर बंद पडलाय. नुसता बीप बीप करतोय, पडदा काळा. ह्याला काही जमत नाहीये. रविवारी याल का? आईलाही घेऊन या."

अण्णांनी आवाज शक्य तितका गंभीर ठेवला. "बघू या," ते म्हणाले. "येतो." फोन ठेवला आणि शीळ घातली. बायको म्हणाली, "मला बहिणीकडे जायचंय, तुम्ही एकटेच जा. आणि लेकीचं यंत्र बिघडलं म्हणून इतका आनंद झालेला बाप मी पहिल्यांदाच बघतेय."

रविवारी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. खिशात खोडरबर, पिशवीत स्क्रूड्रायव्हर. लेकीने कॉम्प्युटर चालू करून दाखवला. बीप, थोडं थांबून बीप, परत बीप. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. पेटीवर तळहात ठेवला. काय झालंय हे ज्याला आधीच पक्कं माहीत आहे, त्याला असं ध्यान लावायला जी बेशरमी लागते, ती त्या दिवशी त्यांच्याकडे होती.

"बाबा, मी सांगते काय झालं असणार," लेक म्हणाली. "हाच सारखा उघडून उघडून बघत असतो. काही तरी हलवलं असणार त्याने. किती वेळा म्हटलं, सारखी खाजवाखाजवी करू नकोस. स्वतःला इंजिनिअर समजायला लागलाय!"

जावई कोपऱ्यात उभा होता. "असेल," तो म्हणाला. "माझा हात लागला असेल."

हे ऐकून अण्णांनी काय करायला हवं होतं? 'नाही गं, त्याची काही चूक नाही' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. अण्णांनी तसं काही म्हटलं नाही. ते म्हणाले, "जाऊ दे गं. नवीन माणसाकडून होतंच असं." आणि हे म्हणताना त्यांना आतून जी गार झुळूक लागली, ती त्यांना कित्येक महिन्यांत लागली नव्हती. लेक त्यांच्या बाजूने बोलत होती, त्याच्या विरुद्ध. आपलं माणूस आपल्याकडे परत आलं होतं.

त्यांनी काम मुद्दाम लांबवलं. झाकण काढलं, टॉर्च मागितला, वायरी चाचपल्या, पट्टी काढली, खोडरबराने तिची कड घासली, फुंकर मारली. लेक शेजारी येऊन बसली, पाय वर घेऊन. मग त्यांनी पट्टी बसवली, दोन्ही क्लिपा आवळल्या आणि म्हणाले, "लाव बटण." पडदा उजळला. लेकीने टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्या गळ्यात हात टाकले. दिवसभर त्यांना तिने सोडलं नाही. जेवण झालं, जुने फोटो बघून झाले, बापलेकीच्या गप्पा झाल्या. जावई भांडी आवरत होता. अण्णांना मध्येच त्याची दयासुद्धा आली. जिंकलेल्या माणसाला दया परवडते.

संध्याकाळी जावई त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला आला. पिशवी त्याच्याच हातात होती. अण्णांनी गप्प राहायला हवं होतं, पण विजय पचवणं प्रत्येकाला जमत नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "राग मानू नका, पण एक सांगतो. पंखा घासणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. आधी ऐकायला शिकलं पाहिजे. असा थांबून थांबून बीप आला, म्हणजे रॅम. हे तुम्हाला कळायला हवं होतं."

"कळलं होतं, बाबा."

"मग?"

जावयाने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. थांबा जवळ आला होता.

"कळलं होतं तर बसवली का नाही?" अण्णांनी जोर धरला. "का जमलं नाही?"

"बसवली होती," जावई म्हणाला. "बिघडला त्याच दिवशी. ती बाहेर गेली होती तेव्हा उघडून बघितलं. दोन्ही क्लिपा उघड्या होत्या. एक असती तर म्हटलं असतं, माझीच नीट लागली नसेल. दोन्ही आपोआप उघडत नाहीत, बाबा. आणि माझ्यानंतर झाकण फक्त तुम्ही काढलं होतं."

अण्णा रस्त्याकडे तोंड करून बस येतेय का ते बघू लागले.

"पट्टी बसवली, कॉम्प्युटर चालू झाला," जावई तसाच हळू आवाजात म्हणाला. "मग आठवलं, सकाळी बीप ऐकल्यावर ती काय म्हणाली होती ते. वैतागली नव्हती. म्हणाली, 'चला, आता बाबांना बोलावता येईल. मधल्या दिवशी नको, रविवारीच बोलावू, म्हणजे दिवसभर राहतील.' आठवडाभर खूश होती. म्हणून पट्टी परत होती तशी काढून ठेवली. तिला यातलं काही माहीत नाही. मी सांगणारही नाही."

त्याने हे सगळं खाली मान घालून सांगितलं, जणू चूक त्याचीच होती. अण्णांच्या डोक्यात एकच प्रश्न घुमत होता: त्याच्या जागी आपण असतो तर? उत्तर शोधायला वेळ लागला नाही. त्याच क्षणी बायकोला हाक मारली असती, टॉर्च धरून त्या उघड्या क्लिपा दाखवल्या असत्या, आणि म्हटलं असतं, 'बघ, बघ तुझ्या बापाचे धंदे.' वर महिनाभर पुरेल इतकं चघळलं असतं. ह्याने बोलणी खाल्ली आणि भांडी घासली. आपण ह्याच्या ब्रशचा हेवा केला, बोटांचा केला, नीटनेटक्या वायरींचा केला. पण ह्या माणसाकडे आपल्याहून मोठं काही असेल अशी शंका अण्णांना कधी आली नव्हती. आता तिथेही हार झाली.

बस आली. जावयाने पिशवी आत दिली आणि म्हणाला, "गुडघा सांभाळून."

घरी पोचून त्यांनी अजून चपला काढल्या नव्हत्या तोच फोन वाजला. लेक होती. "पोचलात ना, बाबा? आज फार बरं वाटलं. खरं सांगते, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही."

हेच वाक्य ऐकायला अण्णा कित्येक महिने तळमळत होते. ते आलं, आणि ते कानाशी धरून उभं राहणं त्यांना अशक्य झालं.

"जावईबापूंना फोन दे जरा," ते म्हणाले.

"काय बाबा?" पलीकडून त्याचा आवाज आला.

अण्णांनी आजूबाजूला बघितलं. बायको बहिणीकडून परतली नव्हती. "पुढच्या वेळी क्लिप उघडी दिसली," ते म्हणाले, "तर सरळ लावून टाका."

"आणि तुम्हाला कुठल्या निमित्ताने बोलवायचं?"

अण्णांनी उभ्याउभ्याच चपला काढल्या. एवढी वर्षं लिफ्टची नोकरी केली, माणसं हाताखाली वागवली, पण हे सांगायची त्यांना कधी वेळ आली नव्हती.

"नुसतं बोलवा," ते म्हणाले.

"बरं," जावई म्हणाला. मागून लेकीचा आवाज आला, "काय म्हणताहेत बाबा?" आणि जावयाने सांगितलं, "काही नाही, माझ्या चुका काढताहेत." लेक खळखळून हसली. फोन ठेवला गेला तरी ते हसू अण्णांच्या कानात होतं. ते त्यांच्याच घरात लहानाचं मोठं झालेलं हसू होतं आणि आता ते त्या माणसाच्या शेजारी बसून हसत होतं, आणि तो त्या हसण्याच्या लायकीचा होता. पोटात दुखायचं ते दुखलंच.